क्लिपरचा जुना हिशेबाचा प्रोग्राम ६४-बिट विंडोज ११ वर: चालवणे, छपाई, दोन काउंटर आणि जिस्टमधली मराठी नावे

हिशेबनीस

पतसंस्थेच्या ठेवी-कर्जांच्या खतावणीचा प्रोग्राम आहे. क्लिपर ५.२ (डॉसच्या काळातली डेटाबेसची भाषा) मध्ये लिहिलेला, एक ईएक्सई आणि चाळीसेक डीबीएफ (माहितीची टेबले) व एनटीएक्स (त्यांच्या इंडेक्स). ३२-बिट विंडोज ७ वर रोज चालतो. नव्या मशीनवर विंडोज ११ आहे. तिथे ईएक्सई उघडायला गेले की 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही' अशा अर्थाची पाटी येते. कम्पॅटिबिलिटी टॅबमध्ये ९५ पासून एक्सपीपर्यंत सगळे निवडून पाहिले, फरक शून्य.

प्रोग्राम चालवायचा कसा हा पहिला प्रश्न. ८० कॉलमच्या डॉट मॅट्रिक्सवर रोजकीर्द आणि पासबुक छापायचे आहे, पण नव्या मशीनला पॅरलल पोर्ट नाही, प्रिंटर यूएसबीवर. दोन काउंटरवरून एकाच वेळी नोंदी होतात. आणि सभासदांची नावे त्या काळी जिस्ट कार्डावर (डॉसमध्ये भारतीय लिप्या दाखवणारे कार्ड) मराठीत भरलेली आहेत, ती आता उभ्या-आडव्या रेघांसारखी दिसतात. सोर्स कोड बहुतेक सगळा आहे.

सी_प्रॉम्प्ट

कम्पॅटिबिलिटी टॅबचा नाद सोडा. ती सोय विंडोजच्याच जुन्या प्रोग्रामांसाठी आहे. विंडोजची आवृत्ती कोणती ते ती खोटे सांगते, काही फंक्शने जुन्यासारखी वागवते, बस. तुमचा प्रोग्राम १६-बिट डॉसचा, त्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

धागा पुढे वाचणाऱ्यांनी आधी आपला ईएक्सई कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. नोटपॅडमध्ये उघडा. पहिली दोन अक्षरे 'एमझेड' सगळ्यांतच असतात. जरा खाली 'धिस प्रोग्राम कॅनॉट बी रन इन डॉस मोड' असे वाक्य दिसले तर तो विंडोजचा प्रोग्राम, बहुधा ३२-बिट. तो काळ्या खिडकीत चालत असला तरी डॉसचा नव्हे, आणि ६४-बिट विंडोजवर सहसा तसाच चालतो. अडतो तो फक्त त्याचा १६-बिट सेटअप. चालत्या मशीनवरून फोल्डर उचलून आणले की पुष्कळदा काम भागते. 'धिस प्रोग्राम रिक्वायर्स मायक्रोसॉफ्ट विंडोज' दिसले तर विंडोज ३.१ च्या काळातला १६-बिट प्रोग्राम, त्याला विनईव्हीडीएम (असे प्रोग्राम ६४-बिटवर चालवणारे सॉफ्टवेअर) बघा. दोन्ही वाक्ये नसतील तर शुद्ध डॉस.

६४-बिटवर डॉस का नाही? प्रोसेसर लाँग मोडमध्ये, म्हणजे ६४-बिट पद्धतीत, गेला की त्याची व्हर्च्युअल ८०८६ (जुन्या ८०८६ प्रोसेसरसारखे वागण्याची) ही सोय बंद होते, आणि ३२-बिट विंडोजमधली डॉस प्रोग्राम चालवणारी एनटीव्हीडीएम नेमकी त्या सोयीवर उभी होती. म्हणजे आता ८०८६ ची नक्कल सॉफ्टवेअरनेच करायला हवी. हे अशक्य मुळीच नव्हते. विंडोज एनटी अल्फा आणि मिप्स प्रोसेसरवर चालायची तेव्हा एनटीव्हीडीएम तशी नक्कल करतच असे. मायक्रोसॉफ्टने ६४-बिटसाठी ते केले नाही, इतकेच.

बिटबखर

पर्याय थोडक्यात, माझ्या पसंतीच्या उलट क्रमाने.

३२-बिट विंडोज १०: फीचर्सच्या यादीत 'लेगसी कंपोनंट्स'खाली एनटीव्हीडीएम चालू केले की विंडोज ७ सारखेच चालते. पण विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटरनेटपासून तोडलेल्या मशीनवर ठेवणार असाल तरच.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरे नकली मशीन) फ्रीडॉस, म्हणजे मुक्त डॉस: भक्कम, पण छपाई आणि फाइली बाहेर काढणे दोन्ही कटकटीचे. शिवाय क्लिपरचा प्रोग्राम कळ दाबायची वाट पाहत असतो तेव्हाही प्रोसेसर रिकामा फिरवतो. फ्रीडॉसमध्ये एफडीएपीएम (रिकाम्या वेळी प्रोसेसरला विसावा देणारी युटिलिटी) चालवून ठेवले नाही तर एक कोर कायम शंभर टक्के.

साधा डॉसबॉक्स (डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर): रोख खेळांवर. छपाई नाही, रेकॉर्ड लॉकिंग (एक जण नोंद बदलत असताना दुसऱ्याला अडवणे) भरवशाचे नाही. हिशेबाच्या कामाला नको.

व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स: तुमच्यासाठी हे दोनच. व्हीडॉस टेक्स्ट मोडमधल्या धंद्याच्या प्रोग्रामांसाठीच केलेला आहे, फाइल आणि रेकॉर्ड लॉकिंग विंडोजकडे पोहोचवतो, अक्षरे स्वच्छ दिसतात. सेटिंग दोनच फाइलींत, कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक, दोन्ही साध्या टेक्स्ट. डॉसबॉक्स-एक्समध्ये बटणे फार, पण काम अजून चालू आहे आणि छपाईचे पर्याय जास्त. आउटपुट 'टीटीएफ' ठेवले की त्यातही अक्षरे व्हीडॉसइतकीच ठसठशीत.

खटपट्या

साध्या डॉसबॉक्सबद्दल इतके कडक नको. एकच काउंटर असेल आणि छपाई फाइलीत होत असेल तर चालून जाते.

बिटबखर

चालते, पण तिथे कंट्रोल-एफ९ दाबले की डॉसबॉक्स काहीही न विचारता जागच्या जागी बंद होतो. हिशेबाच्या प्रोग्रामात बोटे सतत फंक्शन कळांवर. नोंद अर्धवट लिहिलेली असताना ती कळ दाबली गेली तर डीबीएफच्या हेडरमधली रेकॉर्डसंख्या आणि प्रत्यक्ष रेकॉर्ड यांचा मेळ जातो, एनटीएक्स तर हमखास बिघडते. कोणताही एम्युलेटर घ्या, की-मॅपरमध्ये जाऊन ती कळ आधी काढून टाका. खिडकीच्या फुलीचेही तेच. आधी प्रोग्राममधून बाहेर, मग खिडकी बंद.

हिशेबनीस

डॉसबॉक्स-एक्स घातला. फोल्डर माउंट केले (एम्युलेटरला ड्राइव्ह म्हणून जोडले), प्रोग्राम सुरू झाला, पण मासिक अहवाल काढताना 'ओपन एरर' आणि 'डॉस एरर ४' येऊन बाहेर पडतो.

सी_प्रॉम्प्ट

एरर ४ म्हणजे उघडलेल्या फाइली जास्त झाल्या. प्रत्येक डीबीएफला एक हँडल (उघड्या फाइलीचा क्रमांक), तिच्या प्रत्येक एनटीएक्सला वेगळे, मेमो असेल तर डीबीटीला आणखी एक. आठ टेबले प्रत्येकी दोन इंडेक्ससह उघडली की चोवीस झाली. डॉसमध्ये एका प्रोग्रामला मुळात वीसच हँडल मिळतात, त्यांतली पाच कीबोर्ड-स्क्रीन-प्रिंटर यांत जातात.

मर्यादा दोन जागी वाढवायची. कॉन्फिग विभागात 'फाइल्स' १२० च्या पुढे आहे का पाहा. मग ऑटोएक्झेकमध्ये, प्रोग्राम सुरू होण्याआधी, 'सेट क्लिपर=एफ:१००' ही ओळ. दुसरी नसेल तर पहिली कितीही वाढवून उपयोग नाही, कारण क्लिपर स्वतःच्या हिशेबाने थांबतो. विंडोज ७ वर हीच ओळ ऑटोएक्झेक-एनटी फाइलीत कुणीतरी घालून ठेवलेली असणार. सिस्टम३२ फोल्डरमधल्या ऑटोएक्झेक-एनटी आणि कॉन्फिग-एनटी दोन्ही उघडून बघा. जुन्या मशीनचे सगळे गुपित तिथेच असते.

पुढे लागतील म्हणून बाकीचे आकडेही: २ म्हणजे फाइल सापडली नाही, ३ म्हणजे पाथ चुकला, ५ म्हणजे परवानगी नाही (फाइल रीड-ओन्ली आहे का बघा, सीडीवरून कॉपी केलेल्या तशाच राहतात), ३२ म्हणजे दुसऱ्याने ती फाइल अडवून ठेवली आहे.

आणि हो, इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमनच.

सुटीभाग

जरा विषयांतर. टर्बो पास्कलमधला एक छोटा प्रोग्राम सुरू होताक्षणी 'रनटाइम एरर २००' देतो. विंडोज ७ वरही द्यायचा.

खटपट्या

दोष प्रोग्रामचा नाही, टर्बो पास्कल ७ च्या सीआरटी युनिटचा (पडदा-कीबोर्ड हाताळणारा तयार भाग). सुरू होताना ते घड्याळाच्या एका टिकेत, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामे लूप किती फिरतात ते मोजते आणि त्या संख्येला ५५ ने भागते. मशीन वेगवान असले की भागाकार १६ बिटांत मावत नाही. तो ओव्हरफ्लो प्रोसेसर शून्याने भागल्यासारखाच कळवतो आणि त्याचाच क्रमांक २००. साधारण २०० मेगाहर्ट्झ पेंटियमपासून पुढे हा त्रास सुरू होतो.

एम्युलेटरमध्ये 'सायकल्स', म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, 'मॅक्स'वर ठेवू नका, ठरावीक २०,००० द्या, ४८६ च्या आसपासचा वेग मिळतो. सोर्स असेल तर दुरुस्त केलेले सीआरटी युनिट घालून परत कंपाइल करा. नसेल तर ईएक्सई दुरुस्त करणारी टीपीपॅच ही छोटी युटिलिटी आहे.

क्लिपरवाल्यांनाही ठरावीक सायकल्स बऱ्या. लॅपटॉपचा पंखा शांत राहतो.

रिबीनवाली

छपाईचे मी सांगते, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते.

क्लिपरचा प्रोग्राम एलपीटी१, म्हणजे पहिल्या पॅरलल पोर्टवर सरळ बाइट पाठवतो. त्यांत मजकुराबरोबर प्रिंटरच्या आज्ञाही असतात: २७ आणि ६४ म्हणजे रीसेट, १५ म्हणजे बारीक अक्षर, १८ म्हणजे बारीक बंद, १२ म्हणजे पान पुढे, आणि २७, ६७ व त्यानंतरचा आकडा म्हणजे पानाची लांबी किती ओळींची. हे बाइट प्रिंटरपर्यंत जसेच्या तसे पोहोचले तर सगळे पूर्वीसारखे. मध्ये विंडोजच्या ड्रायव्हरने हात घातला की पासबुकाची ओळ सरकलीच म्हणून समजा.

डॉसबॉक्स-एक्समध्ये दोन मार्ग. एक, पॅरलल१ ला 'प्रिंटर' द्यायचे. मग तो एप्सनच्या आज्ञा स्वतः वाचून पान चित्रासारखे रंगवतो आणि विंडोजच्या कोणत्याही प्रिंटरला, किंवा पीएनजी फाइलीत, पाठवतो. लेसरवर अहवाल काढायला हे उत्तम. पासबुकाला निरुपयोगी, कारण तो पूर्ण पान झाल्याशिवाय सोडत नाही आणि पासबुकात आपल्याला मधल्या दोनच ओळी हव्या असतात.

दुसरा मार्ग पॅरलल१ ला 'फाइल' देण्याचा. सोबत 'टाइमआउट' २००० मिलिसेकंद, आणि 'ओपनविथ'मध्ये आपल्या एका बॅच फाइलीचा पाथ. प्रोग्रामने पाठवणे थांबवल्यावर दोन सेकंदांनी फाइल बंद होते आणि बॅच फाइल चालते. तिच्यात एकच ओळ: 'कॉपी', मग '/बी', मग आलेल्या फाइलीचे नाव, मग प्रिंटरचा शेअर पाथ, म्हणजे दोन उलट्या तिरक्या रेघा, मशीनचे नाव, एक रेघ, शेअरचे नाव. '/बी' विसरू नका. नाहीतर कॉपी फाइलीला मजकूर समजते आणि २६ क्रमांकाचा बाइट आला की तिथेच संपवते. प्रिंटर विंडोजमध्ये 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हरने बसवा, शेअर करा, शेअरच्या नावात मोकळी जागा ठेवू नका. यूएसबी असो वा पॅरलल, या मार्गाला फरक पडत नाही.

हिशेबनीस

ताई, दुसरा मार्ग चालला. पण दर छपाईनंतर एक कोरे पान बाहेर येते.

रिबीनवाली

दोन ठिकाणी शोधा. 'ॲडएफएफ' चालू असेल तर एम्युलेटर शेवटी पान-पुढेचा बाइट स्वतः जोडतो, ते बंद करा. बंदच असेल तर प्रोग्राम स्वतः १२ पाठवत असणार आणि प्रिंटरवरची पानाची लांबी वेगळी असणार. १२ इंची कागद सहा ओळी प्रति इंचाने ७२ ओळींचा, ११ इंची ६६ चा. प्रोग्राम ७२ धरून चालतो आणि प्रिंटर ६६ वर, की दर पानाला सहा ओळींची घसरण आणि मध्येच एखादे कोरे पान. प्रिंटरच्या मेनूत लांबी जुळवा, किंवा बॅच फाइलीत आधी २७, ६७, ७२ हे तीन बाइट असलेली छोटी फाइल पाठवा.

बिटबखर

आता दोन काउंटर. डॉसबॉक्स-एक्समध्ये डॉस विभागात 'शेअर' चालू हवे. 'फाइल ॲक्सेस ट्राइज' ३ ठेवा, म्हणजे फाइल अडलेली असेल तर लगेच एरर न देता पुन्हा प्रयत्न करतो. दोन्ही मशीनवर तोच एम्युलेटर, तीच आवृत्ती. एकीकडे साधा डॉसबॉक्स आणि दुसरीकडे व्हीडॉस अशी खिचडी केलीत तर एकाचे लॉक दुसऱ्याला दिसेलच असे नाही.

खरा छुपा शत्रू विंडोजची नेटवर्क कॅश. एका काउंटरने भरलेली नोंद दुसऱ्याला काही सेकंद दिसत नाही, आणि त्या जुन्या चित्रावर तो इंडेक्स लिहितो. एनटीएक्स बिघडण्याचे मोठे कारण हेच. दोन्ही क्लायंटवर रजिस्ट्रीत लॅनमॅनवर्कस्टेशनच्या पॅरामीटर्समध्ये तीन डीवर्ड शून्य करा: 'फाइलइन्फोकॅशलाइफटाइम', 'फाइलनॉटफाउंडकॅशलाइफटाइम', 'डिरेक्टरीकॅशलाइफटाइम'. मशीन परत सुरू करा. वेग थोडा कमी होईल, होऊ द्या. वायफायवर डीबीएफ उघडू नका, केबल ओढा.

ड्राइव्हचे अक्षर प्रोग्राममध्येच लिहिलेले असेल तर बहुधा एफ असेल, नोव्हेल नेटवेअरच्या काळात पहिला नेटवर्क ड्राइव्ह एफ असे. विंडोजमध्ये काहीही असो, एम्युलेटरमध्ये एफ म्हणूनच माउंट करा. झेड घेऊ नका, तो डॉसबॉक्सचा स्वतःचा.

सी_प्रॉम्प्ट

+१. आणि एनटीएक्स बिघडली तर 'रीइंडेक्स' करू नका. ते जुन्याच हेडरमधली की वापरते. हेडरच बिघडला असेल तर वरवर ठीक दिसणारी चुकीची इंडेक्स मिळते. एनटीएक्स पुसून नव्याने तयार करणारा पर्याय मेनूत असतो, तो वापरा.

देवनागरी_बाइट

जिस्टच्या नावांविषयी. घाबरू नका, माहिती शाबूत आहे, फक्त ती दाखवणारे यंत्र गेले. जिस्टचे काम आयआयटी कानपूरला सुरू झाले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. ते आयएसए खाचेत बसणारे कार्ड होते. नव्या मदरबोर्डवर ती खाचच नाही. फाइलीत नावे इस्की संकेतात आहेत, भारतीय मानक १३१९४, वर्ष १९९१. त्यात देवनागरी अक्षरे १६१ च्या पुढच्या बाइटांत येतात आणि डॉसच्या नेहमीच्या ४३७ कोड पेजमध्ये त्याच जागी चौकटी काढायच्या रेघा आहेत. १७९ म्हणजे इस्कीत क, ४३७ मध्ये एकेरी उभी रेघ. १९६ म्हणजे द, तिकडे एकेरी आडवी. ज चा १८६ दुहेरी उभी, य चा २०५ दुहेरी आडवी. म्हणून अख्खे नाव मोडक्या चौकटीसारखे दिसते.

ते युनिकोडमध्ये आणायला फॉन्ट कन्व्हर्टर शोधत बसू नका. विंडोजमध्येच इस्की देवनागरीचे कोड पेज आहे, क्रमांक ५७००२. पॉवरशेल ५.१ मधून डॉटनेटचे त्या क्रमांकाचे एन्कोडिंग मागा आणि 'गेटस्ट्रिंग'ला बाइट द्या, झाले. लिनक्सवर आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या यूकॉन्व्ह आज्ञेला 'इस्की, व्हर्जन=०' सांगा.

बाइट काढताना मात्र जपून. एक्सेलमध्ये किंवा कॅल्कमध्ये डीबीएफ उघडून सेव्ह केली तर ते आपल्या समजुतीचा संच लावून बाइट बदलतात आणि मग परतीची वाट नाही. डीबीएफ सरळ बाइटांच्या रूपात वाचा, रचना सोपी आहे. शून्यापासून मोजत ४ ते ७ रेकॉर्डसंख्या, ८-९ हेडरची लांबी, १०-११ एका रेकॉर्डची लांबी, सगळे लहान बाइट आधी. ३२ व्या बाइटपासून प्रत्येक फील्डला ३२ बाइट: पहिल्या ११ मध्ये नाव, ११ व्या जागी प्रकार, १६ व्या जागी लांबी. १३ आला की फील्डची यादी संपली. प्रत्येक रेकॉर्डचा पहिला बाइट ३२ असेल तर जिवंत, ४२ म्हणजे चांदणी असेल तर पुसलेला. पुसलेले सभासद नव्या यादीत घेऊ नका.

रूपांतर करून तीच माहिती त्याच डीबीएफमध्ये परत कोंबू नका. इस्कीत अक्षराला एक बाइट, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ३० च्या फील्डात दहाच चिन्हे बसतील आणि 'पांडुरंग विठोबा' मध्येच तुटेल. वेगळ्या फाइलीत काढा, सभासद क्रमांक जोडीला ठेवा.

एक मराठी खोच. 'दुसऱ्या'तला ऱ्या इस्कीच्या नियमाने २०८, म्हणजे ऱ, मग हलन्त २३२ असा यायला हवा. पण भरणाऱ्याने २०७, म्हणजे साधा र, मग हलन्त आणि नुक्ता २३३ असाही टाइप केलेला असू शकतो. युनिकोडमध्ये पहिल्याचा ऱ आणि हलन्त होतो, दुसऱ्याचा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारे जोडचिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखे, शोधताना वेगळे. 'कऱ्हाडकर' शोधून अर्धेच सापडले तर कारण हे. रूपांतरानंतर सगळे पहिल्या रूपात आणून ठेवा.

खटपट्या

सोर्स आहे म्हणालात तर हे सगळे तात्पुरते धरा आणि हार्बरकडे वळा. मुक्त कंपाइलर, क्लिपरची भाषा जवळपास जशीच्या तशी घेतो आणि विंडोजचा खरा प्रोग्राम बनवतो. 'एचबीएमके२' ही आज्ञा आणि पुढे सगळ्या पीआरजी (सोर्सच्या) फाइलींची नावे. पहिल्या फेरीत न सापडलेल्या फंक्शनांची यादी मिळेल. त्यांतली नॅनफोरमची (क्लिपरची जुनी मुक्त फंक्शन लायब्ररी) असतील तर हार्बरसोबत त्यांचे पर्याय येतात. असेंब्लीत लिहिलेल्या ओबीजे फाइली मात्र टाकून नव्याने लिहाव्या लागतात.

डीबीएफ, एनटीएक्स, डीबीटी त्याच चालतात. रेकॉर्ड लॉकही त्याच जागी पडते, दोघेही १ अब्ज या ऑफसेटपासून मोजतात. म्हणून एका काउंटरवर हार्बर आणि दुसऱ्यावर जुना ईएक्सई असे काही दिवस ठेवून आकडे ताडता येतात. छपाई फाइलीत काढून 'विन_प्रिंटफाइलरॉ' या फंक्शनाला प्रिंटरचे नाव द्या, रिबीनवाली यांची बॅच फाइलही नको.

एखादी पीआरजी हरवली असेल तर क्लिपर ईएक्सईत पी-कोड (मधल्या पायरीचा सांकेतिक कोड) ठेवतो, शुद्ध मशीन कोड नव्हे. त्यामुळे डिकंपायलरने बऱ्यापैकी वाचता येईल असा सोर्स परत मिळतो, टिपणे आणि लोकल चलांची नावे सोडून.

देवनागरी_बाइट

पण हार्बरच्या टेक्स्ट खिडकीत मराठी नावे नीट दिसतील ही आशा नको. तिथे प्रत्येक चिन्हाला एक ठरावीक चौकोन. 'ज्ञानेश्वर'मधली जोडाक्षरे त्या चौकोनांत बसत नाहीत, वेलांटी सरकते. पडद्यावर सभासद क्रमांक आणि रोमन नाव ठेवा. मराठी नावाचे दाखले आणि याद्या एचटीएमएल फाइलीत काढून ब्राउझरमधून छापा, तिथे अक्षरजुळणी बरोबर होते.

हिशेबनीस

ठीक. म्हणजे आत्ता डॉसबॉक्स-एक्स, आणि ३१ मार्चचा ताळेबंद झाल्यावर हार्बर. प्रतीची काळजी काय घ्यायची?

सी_प्रॉम्प्ट

विंडोज ७ चे मशीन ताळेबंद होईपर्यंत फॉरमॅट करू नका. रोज दोन्ही काउंटर बंद झाल्यावर अख्खे फोल्डर तारखेच्या नावाने कॉपी करा, फक्त डीबीएफ नको. डीबीटी आणि एमईएम (प्रोग्रामने जपून ठेवलेली चले) फाइली राहून गेल्या तर शेवटच्या पावती क्रमांकासारखी माहिती हरवते, बरेच प्रोग्राम ती एमईएममध्येच ठेवतात. आणि मार्चच्या आधी एकदा कॉपीवर वर्षअखेर चालवून बघा. ती प्रक्रिया वर्षात एकदाच चालते, सगळ्यात जास्त फाइली तीच उघडते, आणि एरर ४ परत तिथेच भेटतो.